वरच्या पेटीची तार

काम दोन मिनिटांचं होतं. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागचा एक स्क्रू सैल करायचा, त्याखालची तार काढायची आणि शेजारच्या स्क्रूखाली आवळायची. व्हॉल्व्हकाकांना हे काम झोपेतून उठवून सांगितलं असतं तरी त्यांनी केलं असतं. पण ही एक तार मात्र उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडी पडायला लागली तरी होती तिथेच होती. आजचं मरण उद्यावर ढकलणं म्हणतात, ते हे.

गल्लीनं त्यांना व्हॉल्व्हकाका करून टाकलं होतं, कारण काचेच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे बल्बसारख्या पेटणाऱ्या नळ्यांवर चालणारे जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारं त्या भागात दुसरं कुणी उरलं नव्हतं. खाली रस्त्यालगत दुकान, मागच्या बाजूनं लाकडी जिना, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माणूस तिरसट, पण मनाचा साफ. एखाद्या तरुण गिऱ्हाइकानं "काका, यात ब्लूटूथ बसेल का?" असं विचारलं, की ते चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बसेल की. पण ते बसलं की मी उठेन." वरून काकूंच्या हसण्याचा आवाज यायचा. हे सगळं लेक होती तेव्हाचं. लेक गेली आणि दुकानातलं बोलणं कामापुरतं उरलं.

त्या दिवशी दुपारी सुतारमामा आले. मामा म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ. स्पीकरच्या लाकडी पेट्या करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि वरच्या खोलीतली पेटीही त्यांनीच केलेली होती. कुठल्याशा नृत्यशाळेला तशी पेटी हवी होती. काकूंनीच भावाला निरोप धाडला, की घेऊन जा, खोली मोकळी होऊ दे.

"भाऊजी, पेटी उतरवून घेतो," मामा दारातूनच म्हणाले. "तुम्ही वर येऊ नका. मी आणि ताई बघतो."

"मला कुठे हौस आलीय वर यायची," काका म्हणाले आणि हातातल्या कामात डोकं घातलं.

बाहेर धुकं होतं. दुपार असूनही दुकानातला दिवा लावावा लागला होता. वरून पेटी ओढल्याचा आवाज आला, मग जिन्यावर मामांचे जड पाय. पेटी समोरून गेली तेव्हा काकांनी मान वर केली नाही. तिच्या जाळीच्या कापडाला अजून औषधांचा वास येत होता.

आता हे तारेचं प्रकरण काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काकांच्या ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे एका पट्टीवर तीन स्क्रू होते. एकावर चार लिहिलेलं, एकावर आठ, एकावर सोळा. स्पीकर ॲम्पवर जो भार टाकतो तो ओहममध्ये मोजतात. आठ ओहमची एक पेटी असेल तर तार आठच्या स्क्रूला लावायची. त्याच स्क्रूवर आठचीच आणखी एक पेटी शेजारी जोडली, की दोघींचा मिळून आकडा होतो चार. आकडा उतरतो आणि ओझं वाढतं. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे ते असं आहे. मग तार चारवर न्यायची. नाही नेली तर ॲम्प नको तितका ओढला जातो, आवाज कोंदतो, व्हॉल्व्ह तापून लाल होतात. एवढंच शास्त्र. काका म्हणायचे, सोयरीक जमवण्यासारखंच आहे, दोन्हीकडची माणसं एकमेकांना झेपली पाहिजेत.

लेकीला घरात भुंगा म्हणत. मुलगी असून भुंगा, कारण पाळण्यात होती तेव्हापासून ती सतत काहीतरी गुणगुणायची. वेणी घालताना, अभ्यास करताना, आईशी भांडून तोंड फुगवून बसली असतानासुद्धा. पुढे ती शाळेत शिकवायला लागली. तिथल्या मोठ्या बाई म्हणायच्या, हिचा वर्ग शोधावा लागत नाही, आवाजाच्या मागे गेलं की झालं. मग छातीचं दुखणं लागलं. आधी शाळा सुटली, मग जिना सुटला, शेवटी एक खाट तेवढी उरली.

"खाली तुमची दिवसभर मैफल चालते, आणि मी इथे छताच्या भेगा मोजतेय," ती एकदा म्हणाली. झालं, त्याच आठवड्यात काकांनी भिंतीला भोक पाडून दुकानातून तिच्या खोलीत तार नेली. मामांनी पेटी केली. खाली एक पेटी, वर एक पेटी. काकांनी तार आठवरून काढून चारवर लावली आणि वर येऊन खाटेच्या कडेला बसून, हातवारे करत, तिला सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे बाबा, तुमच्या ॲम्पला कळतं का, मी वर आहे ते?"

"तू आहेस ते नाही कळत. ओझं कळतं. खाली एक, वर एक."

"तेच ते. मी म्हणजे ओझंच की."

काका त्या दिवशी तिच्यावर रागावले होते. "अगं, ओझं नसलं तर ॲम्प जळतो. पेटी न जोडता नुसताच वाजवत ठेवला, तर बिचारा आतल्या आत जळून जातो. समोर कुणीतरी घेणारं लागतंच, भुंग्या."

ती हसली आणि हसता हसता खोकली. नंतर काका खालून माइकवर बोलायचे. भुंग्या, गोळी घेतलीस का. भुंग्या, आता ही तबकडी ऐक. वरून ती खाटेच्या लोखंडी दांड्यावर चमचा वाजवून उत्तर द्यायची, कारण ओरडायला दम पुरत नव्हता. शेवटी शेवटी चमचाही जड झाला.

तर त्या दुपारी पेटी गेली आणि तार हलवायची वेळ आली. मामा पेटी हातगाडीवर बांधून परत आत आले. काकांनी स्क्रू सैल केला. भिंतीतून वर जाणारी तारही त्याच स्क्रूखाली होती. ती काढायला त्यांचा हात गेला आणि मागे आला. वरची टोकं आता मोकळीच होती, राहिली तर काय बिघडणार होतं? त्यांनी दोन्ही तारा तशाच एकत्र उचलल्या आणि आठच्या स्क्रूखाली आवळल्या. मग एक तबकडी लावली.

आवाज आला, पण घशात अडकल्यासारखा. बासरी भिंतीपलीकडून वाजत असावी तशी. काकांनी कान टवकारले. थोड्याच वेळात तापलेल्या धुळीचा वास सुटला आणि व्हॉल्व्हच्या काचेतली राखाडी पट्टी हळूहळू तांबूस व्हायला लागली. त्यांनी झटकन बटण बंद केलं.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"ओझं जास्त आहे. दोन पेट्या जोडल्यासारखं दाखवतोय."

"दुसरी पेटी तर माझ्या गाडीवर आहे."

"ते मला दिसतंय, सुतार. त्याला सांगा."

काकांनी काट्याचं जुनं मीटर घेतलं. दुकानातली पेटी सोडवून एकटी मोजली. बरोबर, एका पेटीचा काटा जिथे यायचा तिथे आला. मग वर जाणाऱ्या तारेची दोन टोकं मीटरला लावली. तार पलीकडे मोकळी, म्हणजे काटा हलायलाच नको. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण काटा उठला आणि एका पेटीच्या जागी जाऊन थांबला.

"भिंतीत ओल असेल," मामा म्हणाले.

"ओलीनं काटा थरथरतो. हा बघा, कसा उभा आहे." काकांचा आवाज खाली आला होता. "तुम्ही वर जा. टोकं एकमेकांना चिकटलीत का बघा."

मामा वर गेले. त्यांचा आवाज जिन्यातून आला, "लांब लांब आहेत. दोन्ही टोकांना मीच चिकटपट्टी गुंडाळली होती, तशीच आहे."

"थांबा तिथेच. मी परत लावतो."

या धंद्यातली एक बारीक गोष्ट. मीटरचं टोक स्पीकरच्या तारेला लागलं, की स्पीकर 'कट्' असा आवाज करतो. दुरुस्ती करणाऱ्याला तो आवाज म्हणजे समोरच्यानं ओ दिल्यासारखा. काकांनी टोक लावलं. काढलं. पुन्हा लावलं. वरून काहीच आवाज आला नाही. मामांचाही नाही.

"सुतार?"

मामा जिना उतरून आले ते भिंतीला धरून. चेहरा पांढरा पडलेला. "भाऊजी... तुम्ही आत्ता टोक दोनदा लावलंत का?"

"हो."

"वर दोनदा वाजलं. खाटेच्या उशापाशी... जिथे पेटी होती तिथेच. मी बघत होतो हो. नुसती भिंत आहे तिथे."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग मामा म्हणाले, "ताईला काही सांगू नका. आणि ती तार तोडून टाका. आत्ता, माझ्यादेखत."

"बघू," काका म्हणाले. त्यांचं 'बघू' म्हणजे नाही, हे मामांना पुरतं ठाऊक होतं. ते मुकाट्यानं हातगाडी ओढत धुक्यात निघून गेले.

मामा गेल्यावर काका बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. भीती वाटली नाही असं नाही. पण त्या भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते वर येऊ लागलं. त्यांनी उठून दोन्ही तारा आठवरून काढल्या आणि पुन्हा चारवर लावल्या. तबकडी लावली. बासरी अशी स्वच्छ वाजली, जशी गेल्या कित्येक महिन्यांत वाजली नव्हती. काचा निवल्या. त्यांनी माइक ओढला, फुंकर मारून बघितली, आणि आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहून हळूच म्हणाले, "भुंग्या, ऐकू येतंय ना?"

त्यानंतरचे दिवस काकांचे बरे गेले. बरे म्हणजे, बाहेरून बघणाऱ्याला चिंता वाटावी इतके बरे. ते रोज दाढी करायला लागले. दुरुस्तीला आलेली कामं फळीवर धूळ खात पडली आणि काका सकाळपासून तबकड्या निवडत बसले. माइकवर गल्लीतल्या बातम्या सांगायचे. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं पुन्हा स्वतःचीच विजार आखूड शिवली, तुझ्या शाळेतली ती चष्मेवाली बाई आज रस्त्यात भेटली, तुझी आठवण काढत होती. एखादं गिऱ्हाईक अवेळी आत आलं की ते माइक टेबलाखाली लपवायचे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली गत. सगळ्या गल्लीला कळलं होतं, की लेकीच्या दुःखानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

काकूंनी काहीच विचारलं नाही. त्या रोज दुपारी वरच्या मोकळ्या खोलीत जाऊन जमिनीवर आडव्या व्हायच्या. तिथे बरं वाटतं, म्हणायच्या.

फक्त बोलण्यानं काकांचं मन भरेना. उत्तर हवं होतं. आता स्पीकरची गंमत अशी, की तो उलटाही चालतो. त्याच्यासमोर कुणी बोललं, तर त्याच तारेतून बारीकसा आवाज परत येतो. तो पकडून वाढवला, की स्पीकरचाच माइक होतो. हे काकांना माहीत नव्हतं असं थोडंच? इतके दिवस त्यांचा धीर होत नव्हता, एवढंच. एका दुपारी त्यांनी वर जाणारी तार स्क्रूखालून सोडवली आणि दुसऱ्या एका छोट्या ॲम्पच्या तोंडाला जोडली. हेडफोन कानाला लावला.

आधी नुसती घरघर. तारेतून विजेची गुणगुण येतेच, सगळ्यांच्याच येते. काकांनी आयुष्यभर ती गुणगुण दुसऱ्यांच्या यंत्रांतून काढून टाकायचं काम केलं होतं. ती कशी असते, किती जाड असते, ते त्यांना स्वतःच्या नाडीसारखं पाठ होतं. ते ऐकत राहिले. एकसारखी, सपाट गुणगुण...

आणि ती थांबली.

मग एक लहानसा, ओढून घेतलेला श्वास. आणि गुणगुण पुन्हा सुरू झाली.

वीज श्वास घ्यायला थांबत नाही. काकांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. लेक होती. त्यांची भुंगा होती, तारेच्या त्या टोकाला होती, गात होती. त्या दिवशी आनंदानं त्यांना घास गिळवेना.

पण दुसऱ्या दिवशी ऐकलं, तिसऱ्या दिवशी ऐकलं, आणि त्यांच्या लक्षात यायला लागलं. गुणगुण दोन सुरांच्या पुढे जात नव्हती. दोन सूर, मग थांबणं. मग तो श्वास, खरवडत आत जाणारा. मग लांब शांतता, इतकी लांब की काकांचाही श्वास अडकायचा. मग पुन्हा तेच दोन सूर. हे निरोगी भुंग्याचं गाणं नव्हतं. हे शेवटच्या दिवसांतलं होतं. तिचं दुखणं तिच्याबरोबर गेलं होतं आणि तिथेही तिच्या छातीवर बसून होतं.

काकू चहा घेऊन खाली आल्या तेव्हा काका हेडफोन लावून, डोळे मिटून बसले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. काकूंनी कप टेबलावर ठेवला. छोट्या ॲम्पकडे बघितलं, तिथून भिंतीत जाणाऱ्या तारेकडे बघितलं. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढल्यावर कुठली तार कुठे जाते हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

"कशी आहे ती?" त्यांनी विचारलं.

काकांनी डोळे उघडले. खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "धाप लागतेय गं तिला."

"अजून?"

एवढाच शब्द. काकू तिथेच जमिनीवर बसल्या. पदर तोंडात धरून त्या रडल्या, आवाज न करता. वर ऐकू जाऊ नये म्हणूनच जणू.

"मला दुपारी वाटायचं कुणीतरी आहे खोलीत," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, आता तरी सुखात असेल पोर. म्हणून गप्प बसले मी." मग त्यांनी काकांकडे बघितलं. "तोडा ती तार."

"तोडली तर जाईल ती."

"गेलीच आहे हो ती. आपण धरून ठेवलंय. तुम्ही रोज हाका मारता, मग ती जाणार कशी? आजारी अंगानं बसून राहिलीय बापाची गाणी ऐकत."

"अगं, एकटी पाठवू तिला? अंधारात?" काकांचा आवाज फुटला. "जिना उतरायला भ्यायची ती, दिवा नसला की."

दोघं तशीच बसून राहिली आणि चहावर साय धरली.

तार तोडायचं ठरायला पुढचे बरेच दिवस गेले. काकू रोज एकदा म्हणायच्या, काका रोज एकदा 'बघू' म्हणायचे. शेवटी काकांनीच एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, वर हाक मारली. "येतेस का खाली? करून टाकू." दिवसभर ऐकून ते थकले होते. त्या दिवशी दोन सुरांचा एकच सूर झाला होता.

काकू चहाचा कप घेऊन आल्या. काकांनी तार पुन्हा मोठ्या ॲम्पला, चारच्या स्क्रूला जोडून लेकीसाठी तिची आवडती तबकडी शेवटपर्यंत वाजवली. माइकवर काय बोलायचं हे त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं, पण आयत्या वेळी एवढंच निघालं, "भुंग्या, निघ आता बाळा. आम्ही बरे आहोत." मग त्यांनी पक्कड उचलली.

"थांबा," काकू म्हणाल्या. "एकदा मला ऐकू दे. मी ऐकलंच नाही तिला."

काकांनी तार सोडवून छोट्या ॲम्पला लावली आणि हेडफोन काकूंच्या कानांवर चढवला. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काका त्यांच्या पाठीकडे बघत होते. आधी पाठ ताठ होती. मग ती सैल झाली. खांदे खाली आले. बाहेर अंधारून आलं होतं आणि दुकानात फक्त व्हॉल्व्हचा पिवळा उजेड उरला होता.

"तिची धाप थांबलीय," काकू म्हणाल्या.

"काय?"

"झोपतेय बघा... मोठे मोठे श्वास येतायत. कुणीतरी आहे तिच्यापाशी. गुणगुणतंय आणि थोपटतंय तिला."

"कोण?"

काकूंनी हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला. काकांनी तो कानाला लावला. लेकीचा श्वास ऐकू आला, खोल, संथ, कितीतरी काळात न ऐकलेला. आणि त्या श्वासावर हळू हात मारल्याचा ठेका, आणि एका बाईची गुणगुण. ती बाई वरचा सूर घ्यायला थोडी कचरत होती आणि ओळीच्या शेवटी आवाज किंचित खाली सोडत होती. काकांनी ही गुणगुण लग्नाच्या पहिल्या वर्षापासून स्वयंपाकघराच्या भिंतीतून ऐकली होती. पुढे पाळण्यापाशी, मग आजाऱ्याच्या खाटेपाशी.

त्यांनी मान वर केली. काकू समोर उभ्या होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"तुला... कळलं का कोण आहे ते?"

"न कळायला काय झालं? माझा आवाज मला ओळखू येणार नाही होय?" काकू शांतपणे म्हणाल्या.

काकांनी पक्कड उचलली. इतके दिवस ज्या तारेसाठी त्यांनी जिवाचं रान केलं, तीच तार आता त्यांनी पकडीच्या तोंडात धरली. "तोडतो मी. आत्ताच्या आत्ता तोडतो."

काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. जोर केला नाही. "नका तोडू."

"अगं, तूच सांगत होतीस ना..."

"तेव्हा ती एकटी होती. तळमळत होती." काकूंनी हेडफोनकडे बोट केलं. "आता झोप लागलीय तिला. तुम्ही ऐकलंत ना? आत्ता तोडलीत तर ती परत एकटी जागी होईल. चालेल तुम्हाला?"

"आणि तू?"

"मी इथेच तर उभी आहे."

काकांना ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कोणावर? पकडीचं तोंड थोडंसं दाबलं असतं, की काम झालं असतं. एका बाजूला लेकीचा सुखाचा श्वास होता आणि दुसऱ्या बाजूला मनगटावरचा हा उबदार हात. असा सौदा कुठल्याही बापावर, कुठल्याही नवऱ्यावर येऊ नये. मग पक्कड आपोआपच टेबलावर ठेवली गेली. त्यांच्या हातून तार तुटली नाही. काय बरोबर नि काय चूक, हे मी कोण सांगणारा.

"वाजवा काहीतरी हळू," काकू म्हणाल्या. "झोपेत तिला ऐकायला लागतं."

काकांनी तार मोठ्या ॲम्पला चारवर जोडली आणि तबकडीवर सुई ठेवली. आवाज कोंदट आला. तापलेल्या धुळीचा वास सुटला. काचेच्या आत पट्टी तांबूस झाली, मग लाल. काकांनी बटण बंद करून मीटर लावलं आणि काटा बघत राहिले. खाली एक पेटी, आणि वरच्या तारेवर आता दोन. तीन पेट्यांचं ओझं. त्या ॲम्पला चारच्या खाली स्क्रूच नव्हता.

असं झालं की काय करायचं, हे काकांनी अनेकांना सांगितलं होतं. एक पेटी कमी करायची. दोनच राहिल्या की चारवर जमतं. वरच्या दोघींतलं कुणी कमी करणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी स्क्रू सैल केला, दुकानातल्या पेटीची तार काढली, तिची टोकं नीट वळवून बाजूला ठेवली. वर जाणारी तार तेवढी आवळली आणि पुन्हा बटण दाबलं.

तबकडी फिरत होती. सुई चालत होती. दुकानात आवाज नव्हता. पण काचा निवल्या होत्या, आतला उजेड जसा असायला हवा तसा झाला होता. ॲम्प व्यवस्थित वाजत होता, फक्त तो आता त्यांच्यासाठी वाजत नव्हता.

"जमलं का?" काकूंनी विचारलं.

"जमलं."

"तुम्हाला आता इथे काही ऐकू यायचं नाही."

"नाही यायचं." काकांनी चष्मा काढून पुसला. "वाजवणारं कुणीतरी खाली लागतंच."

काकूंनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला, लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात, दार उघडं असताना. थंड झालेला कप उचलला आणि म्हणाल्या, "मी बघून येते जरा वर." त्या जिन्याकडे गेल्या. काका सुईकडे बघत पावलं ऐकत होते. बाई चटपटीत, एवढ्या वर्षांत या जिन्यावर कधी रेंगाळलेली नाही.

मध्यावर पावलं थांबली.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

जिन्यात अंधार होता. तिथून उत्तर यायला वेळ लागला.

"काही नाही हो," काकू म्हणाल्या. "जरा दम लागला."